काळ्या दोऱ्याचा गठ्ठा

त्र्यंबक पहिल्यांदा कोलशेतला आला तो सायकल हाताने ढकलत. वाटेत साखळी निसटली होती, ती बसवता बसवता पाटलोणीचा एक पाय गुडघ्यापर्यंत काळा झाला होता आणि साखळी काही बसली नव्हती. आवडाबाईच्या अंगणात उभं राहून त्यानं विचारलं, "धवलारीण आवडाबाई इथंच राहतात का?"

आवडाबाई समोरच सुकट निवडत बसली होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि घरात बघून लेकीला हाक मारली, "शालू, गो शालू! भायेर ये. यो नवरा वऱ्हाड इसरून यकलाच आयलाय."

धवलारणीच्या दारात अनोळखी माणूस येतो तो लग्नाची सुपारी घेऊनच. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो आणि दक्षिणा घेऊन वाटेला लागतो. खरं लग्न लावते ती धवलारीण. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत तिच्या तोंडून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, निघाल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. कोलशेतपासून थेट डोंबिवलीकडच्या मानपाड्यापर्यंत आवडाबाईला बोलावणं असायचं. आणि हा गडी म्हणतो कसा, मला लग्न नको, नुसती गाणी हवीत!

शालू बाहेर आली. वय बावीस, सातवी पास, आणि लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरा तापानं गेल्यामुळे माहेरी परतलेली. तिनं आधी त्याची साखळी बसवून दिली, मग पाणी दिलं, मग विचारलं, "गानी नेऊन करनार काय तू?"

त्यानं सांगितलं. तो ठाण्याला नौपाड्यात राहतो, मुंबईच्या एका मोठ्या सरांच्या हाताखाली आगऱ्यांच्या लग्नगीतांवर प्रबंध लिहितो आहे, ही गाणी लिहून ठेवली नाहीत तर दहा-वीस वर्षांत नाहीशी होतील. सन त्रेपन्नची ही गोष्ट. शेजारच्या बाळकूमची म्हातारी धवलारीण त्याच पावसाळ्यात गेली होती आणि तिच्याबरोबर तिचे धवलेही गेले होते, कारण तिच्या सुनांपैकी एकीलाही धड चार ओळी येत नव्हत्या. आवडाबाईला दमा होता. शालूला शब्द यायचे, पण गळा नव्हता. त्यामुळे त्र्यंबकचं बोलणं मायलेकींच्या काळजात नेमकं जाऊन बसलं.

तो येत राहिला. तिसऱ्या खेपेला आवडाबाईनं त्याच्यापुढे भाकरी आणि सुकटीचं कालवण ठेवलं आणि गंमत बघत बसली. नौपाड्यातला ब्राह्मणाचा पोर! त्यानं डोळे मिटले, घास घेतला, ठसका लागला, पाणी प्यायला आणि दुसरा घास घेतला. आवडाबाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. त्या दिवसापासून तो तिला 'आई' म्हणायला लागला आणि ती त्याला 'माझा बामन' म्हणायला लागली. भाऊबीजेला शालूनं त्याला ओवाळलं. तिला सख्खा भाऊ नव्हता. भिवाकाकाची आईवेगळी पोर सगुणा, जी निम्मी आवडाबाईच्याच चुलीपुढे वाढली होती, तीही ताट घेऊन रांगेत उभी राहिली. त्र्यंबकनं दोघींना सारख्याच बांगड्या आणल्या होत्या. एवढं सगळं सांगायचं कारण, पुढं जे झालं ते परक्यानं केलं असतं तर कुणाला काय वाटलं असतं? चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरून गेले असते.

बंदोबस्ताचं बोलणं निघालं ते त्यानंतर. गाणी बरीच जमली होती आणि त्र्यंबक एक दिवस दप्तर उपडं करून ओट्यावर बसला.

"शालू, गाणी गोळा करणं सोपं आहे," तो म्हणाला. "गोळा केलेलं कसं ठेवायचं, कुणी बघायचं, कुणी नाही, हे आधी ठरवायला हवं. पुण्याच्या एका गृहस्थांनी जन्मभर ओव्या जमवल्या आणि त्या वाळवीनं खाल्ल्या. आपलं तसं व्हायला नको."

मग दोघांनी मिळून जे काही ठरवलं, ते ठरवताना शालूला आपण कुणीतरी मोठ्या झालो असं वाटत होतं. एका गाण्याला एक कार्ड. कार्डाच्या कोपऱ्यात गाव, गाणारीचं नाव आणि गाणं कोणत्या वेळचं ते. प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती, एक ठाण्याला, एक इथं, म्हणजे आग लागली, पूर आला तरी एक वाचेल. गठ्ठे तीन. कोणता गठ्ठा कसला हे लिहून ठेवायला त्र्यंबक निघाला, तेव्हा शालू म्हणाली, "आयेला वाचता येत नाय. दोरा बांद, दोरा तिला दिसंल."

पांढऱ्या दोऱ्याचा गठ्ठा कुणीही बघावा, छापावा, गावा. पिवळ्या दोऱ्याचा गठ्ठा, म्हणजे हळदीचे आणि देवांचे धवले, आवडाबाईला विचारून दाखवायचा. आणि तिसरा काळ्या दोऱ्याचा. त्यात एकच धवला होता, हाकेचा.

त्या हाकेवरून मायलेकींचं वाजलं होतं. त्यांच्या भावकीत चाल अशी होती की हळदीच्या दिवशी, उन्हं कलली की, मांडवातून सगळे पुरुष बाहेर जायचे. लग्न न झालेल्या पोरीही बाहेर. उरायच्या त्या नांदलेल्या बायका, नवरी आणि धवलारीण. मग धवलारीण घरातल्या मेलेल्या बायकांना नाव घेऊन हाक मारायची. सगळ्याच बायकांना. बाळंतपणात गेलेल्या, विहिरीत पडलेल्या, ज्यांना सासरनं हाकलून दिलं त्या, ज्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही त्याही. एकेका नावाला सुपात तांदळाची एक चिमूट पडायची.

कोनाची लेक गो, कोनाची सून,
बस मांडवान बाय, कोपरा धरून.
पान्यान गेलीस तरी कोरडे पायी ये,
लेकीचे हलदीचा वाटा तू ने.

नवरीला आपल्या घराचं खरं त्या दिवशी, तिथं कळायचं. आपली आजी तापानं नाही गेली. आपल्या आत्याला एक मूल होतं. कळायचं ते अंगाला हळद लागलेली असताना, पाठीवर चार बायकांचे हात असताना. रडायचं ते तिथंच रडून घ्यायचं. नंतर सुपातले तांदूळ ओहोटीच्या पाण्यात खाडीला सोडायचे, आणि पुढचं लग्न येईपर्यंत त्यातलं एकही नाव घरात कुणी काढायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे असं चाललं होतं आणि एका शब्दाला पाय फुटले नव्हते.

"ह्यो कागदावर यायचा नाय," आवडाबाईनं सांगितलं.

"आये, तुज्यामागं कोन म्हनंल?" शालू म्हणाली. "बाळकूमच्या म्हातारीचं काय जालं?"

 तिसऱ्या दिवशी आवडाबाईनं आपल्या अटी सांगितल्या. हाकेच्या धवल्याची एकच प्रत. ती ठाण्याला जायची नाही. पत्र्याच्या डब्यात घालून चुलीवरच्या आढ्याला टांगायची, म्हणजे धुरानं वाळवी लागत नाही आणि अमावास्येची भरती अंगणात शिरली तरी भिजत नाही. त्र्यंबकनं वाचायचं असेल तर घरात बसून वाचावं आणि दोरा शालूनंच सोडावा, शालूनंच बांधावा. आणि नावं लिहायची नाहीत. जिथं नाव येईल तिथं 'अमकी'. सगळ्या घरांची नावं आवडाबाईच्या तोंडात, तिच्यामागं शालूच्या.

"आनि शालू गेली तर डबा वहटीला खाडीन सोडायचा," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून त्र्यंबककडे बघत विचारलं, "आनि बामना, तू मेलास तर?"

"मग पांढरा आणि पिवळा तुमचाच, आई," तो हसून म्हणाला. त्यानं देवापुढच्या नारळावर हात ठेवला आणि कुणी न सांगता म्हणाला, "काळ्या दोऱ्यातलं एक अक्षर या घराबाहेर जाणार नाही."

आवडाबाईनं त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. पांढरा गठ्ठा हातात मावेनासा झाला. पिवळ्यातली काही गाणी त्र्यंबकनं विचारून नेली, विचारून दाखवली. काळ्याला तो महिन्यातून एखाद्या वेळी हात लावायचा, तोही शालूनं डबा उतरवून दिल्यावर. एकदा श्रावणात तो हाकेचा धवला मांडीवर घेऊन बसला होता आणि बोटांनी ताल धरून पुन्हा पुन्हा अडत होता.

"बसत नाही गं," तो म्हणाला.

"काय बसत नाय?"

"मात्रा. तुम्ही सगळीकडे 'अमकी' घातलंय. 'अमकी'नं ओळ लंगडते. खरं नाव दोन अक्षरी असेल तर चाल वेगळी, चार अक्षरी असेल तर वेगळी. नावांशिवाय ही चालच कळणार नाही मला. तू नुसतं म्हणून दाखव. मी लिहून घेत नाही, हे बघ," आणि त्यानं पेन्सिल उचलून शालूच्या हातात दिली.

घरात कुणी नव्हतं. आवडाबाई आंबिवलीला लग्नाचं बोलायला गेली होती. शालू पेन्सिल मुठीत धरून बसली आणि तिनं अख्खा धवला नावांसकट म्हणून दाखवला. गळा नव्हता तरी म्हटला. मधे तो थांबवून विचारायचा, "ही कोण?" आणि ती सांगायची. सखूच्या नावाशी तर ती बराच वेळ थांबली. सखू म्हणजे सगुणाची आई, शालूची काकी. भिवाकाका तेव्हा ताडी प्यायचा, हात उगारायचा. सगुणा रांगती असताना सखू एका पहाटे भरतीच्या पाण्यात चालत गेली. पोरीला सांगितलं तापानं गेली. भिवानं त्या दिवसापासून ताडीला तोंड लावलं नव्हतं. गावात हे प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि सगुणाला तिच्या हळदीच्या दिवशी कळायचं होतं.

त्र्यंबकचे डोळे भरून आले. शालूलाही हलकं वाटलं. भावाशी बोललो असं वाटलं. तिनं दोरा बांधला, डबा वर टांगला, आणि पेन्सिल परत दिली.

आता तिला बिचारीला काय माहीत की या लोकांच्या पोरांना मुंजीपासून काय लावतात! आठ वर्षांच्या पोराला समोर बसवायचं, एकदा म्हणून दाखवायचं, आणि त्यानं ते जसंच्या तसं म्हणायचं. पोथी हातात द्यायचीच नाही. त्र्यंबकनं असं काय काय पाठ केलेलं होतं, तो कौतुकानं सांगायचाही. आवडाबाईनं कागद बांधून ठेवला, टांगून ठेवला, धुरात ठेवला. माणसाच्या डोक्याला दोरा बांधायचं कुणालाच सुचलं नाही.

छप्पन सालच्या माघात सगुणाचं मानपाड्याला जमलं. मुलगा आनंद, डोंबिवलीच्या एका छापखान्यात कामाला, स्वभावानं गरीब. सगुणानं त्याला एकदाच बघितलं होतं आणि तेव्हापासून ती पाणी भरताना गुणगुणत होती. लग्नाच्या बोलणीला मानपाड्याची मंडळी आली. भिवाच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. आवडाबाई बायकांत बसली होती, शालू चहा गाळत होती, आणि सगुणा बशांचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

आनंदचा काका गुणाजी मास्तर. शाळामास्तर माणूस, चष्मा, खांद्यावर उपरणं. त्यानं चहा घेतला नाही. पिशवीतून एक कोरं करकरीत पुस्तक काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"भिवाशेठ, एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका. मुलीची आई कशानं वारली?"

"तापानं," भिवा म्हणाला.

मास्तरांनी पुस्तक उघडलं. आत बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. "हे पुस्तक लिहिणारे गृहस्थ आमच्याकडे गाणी टिपायला आले होते. त्यांनीच भेट दिलं. कोलशेतला आपली सोयरीक होणार म्हटल्यावर आवडीनं वाचायला घेतलं," ते म्हणाले, आणि वर्गात धडा वाचावा तसं त्यांनी वाचलं: "'सखू. भिवा यांची पत्नी. पतीच्या मारहाणीस कंटाळून तिने खाडीत देह ठेवला. मागे एक कन्या, सगुणा. कन्येपासून ही गोष्ट लपविण्यात आली आहे.'"

दारात बशा पडल्या.

 सगुणा बापाकडे बघत राहिली. भिवानं मान वर केली नाही. त्या मानेकडे बघून पोरीला जे कळायचं ते कळलं. अंगाला हळद नव्हती, पाठीवर कुणाचा हात नव्हता. समोर परके पुरुष बसलेले आणि पायाशी बशांचे तुकडे. आनंद काहीतरी बोलायला उठला, तर त्याच्या बापानं हात धरून खाली बसवलं.

"लपवाछपवीच्या घरात आम्हाला पोरगा द्यायचा नाही," गुणाजी मास्तर म्हणाले. पुस्तक त्यांनी सतरंजीवरच ठेवलं. "राहू द्या. तुमच्याच गावाचं आहे."

मंडळी गेली. शालूनं पुस्तक उचललं.  वर त्र्यंबकचं नाव छापलेलं. आत पांढऱ्यातली गाणी, पिवळ्यातली गाणी, आणि शेवटी एक वेगळं प्रकरण: 'हाकेचा धवला'. एकूण एक नाव. प्रत्येक नावाखाली बारीक टाइपात कोण, कुणाची, कशानं मेली. शालूनं त्या दिवशी जे जे सांगितलं, ते सगळं. तिचा शब्दसुद्धा त्यानं बदलला नव्हता. वाचता वाचता तिला आपलाच आवाज ऐकू येत होता.

अरे, कुणी खिसा कापला तर माणूस आरडाओरडा करतं. इथं केसानं गळा कापला होता, आणि तोही ओवाळून घेतलेल्या हातानं. ओरडायचं कुणाच्या नावानं?

घरी आल्यावर आवडाबाईनं आधी डबा खाली काढायला लावला. धुरानं तो काळाकुट्ट झाला होता. तिनं झाकण काढून गठ्ठा बाहेर घेतला आणि गाठीवरून बोट फिरवलं. गाठ शालूची होती. दोरा तसाच होता.

"मीच सांगितली नावं," शालू म्हणाली. "तू आंबिवलीला गेल्तीस तवा. मना वाटलं, दादाच हाय."

आवडाबाईनं तिच्याकडे बघितलं. "त्यानं मना इचारलं आसतं तर मीपन सांगितली आसती गो," ती म्हणाली. "पोर मानला व्हता ना त्याला." आणि तिला असा दम लागला की शालूला रडायलाही फुरसत मिळाली नाही.

गावात बातमी पसरायला काय लागतंय! पुस्तकात एकट्या सखूचं नाव नव्हतं. गोदूबाईची बहीण होती, नाथाची पहिली बायको होती, पाटलांच्या घरची एक सून होती. पुरुष एकमेकांकडून पुस्तक मागून नेऊ लागले. कुणाच्या घरात भांडणं झाली, कुणाच्या घरात नुसतीच चूल पेटली नाही. बायका विहिरीवर आवडाबाई दिसली की घागर अर्धी भरून निघून जायच्या. एक गोदूबाई तेवढी थांबली आणि तोंडावर बोलली, "आवडे, आमी मांडवान तोंड उघडायचो ते तुज्या जिवावर. आता कोन उघडील?"

त्या हंगामात कोलशेतात लग्नं झाली. आवडाबाईला बोलावणं आलं, हळदीला आलं, तेलाला आलं. हाकेला आलं नाही. पुरुष बाहेर गेलेच नाहीत. हाक निघालीच नाही. तिचं म्हणून जे होतं, ज्यासाठी ती दम्याची उबळ दाबून मैलोन्‌मैल चालत जायची, ते गावानं मुकाट्यानं काढून घेतलं. आणि गावाचं चुकलं असं तिलासुद्धा म्हणता येईना.

सगुणा आता आवडाबाईकडेच राहायला आली होती. बापाशी बोलत नव्हती. कुणाशीच फारसं बोलत नव्हती. एकदा फक्त शालूला म्हणाली, "मना मांडवान कलायला हवं व्हतं. मी तवा आयला हाक मारली आसती."

वैशाखात त्र्यंबक आला.

साखळी नीट होती. पाटलोण स्वच्छ होती. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत आवडाबाईला लुगडं, पेढ्यांचा पुडा आणि पुस्तकाची एक प्रत. चेहरा असा फुललेला, की लांबून बघणाऱ्याला वाटावं याचंच लग्न ठरलंय.

"आई!" तो अंगणातूनच म्हणाला. "पदवी मिळाली. पुस्तक निघालं. पहिल्या पानावर तुमचं नाव आहे, बघा." तो वाकून पाया पडला. आवडाबाईनं पाय मागे घेतले नाहीत आणि हातही पुढे केला नाही.

शालू दारातून बाहेर आली. "दादा, काल्या दोऱ्यातलं एक अक्षर भायेर जानार नाय, कोन म्हनलं व्हतं?"

त्याचा चेहरा जरासा उतरला, पण उत्तर तयार होतं. "मी गठ्ठ्याला हात लावलेला नाही, शालू. दोरा बघ ना. मी ऐकलेलं लिहिलं. ऐकलेलं तर माझंच असतं ना?"

"नारलावर हात कोनाचा व्हता?"

"सर म्हणाले, नावं नसतील तर पुरावा नाही. 'अमकी' म्हणजे कुणीच नाही. उद्या कुणी म्हणेल, हे सगळं रचलंय." तो आवडाबाईकडे वळला. "आई, तुम्हीच सांगा. या बायकांची नावं घरातसुद्धा कुणी घेत नव्हतं. आता ती छापली गेली. आता त्यांना कुणी पुसू शकणार नाही. मी त्यांना न्यायच दिला ना?"

"तुला कोनी इचारलं व्हतं काय?" शालूचा आवाज चढला. "सखूकाकीला इचारलंस? ही उबी हाय तिची पोर, हिला इचारलंस? लगीन मोडलं हिचं! चार पुरुसांत मास्तरानं वाचून दावलं, तुजी आई अशी मेली म्हनून! भाऊबीजेला हिच्या पन हातचं ओवालून घेतलंस ना रे तू? बांगड्या आनल्यास ना?"

त्र्यंबकनं सगुणाकडे बघितलं. सगुणाच्या हातात त्यातली एक बांगडी अजून होती. "मला हे कळलं नाही," तो म्हणाला. "मोडलं? मी जाऊन बोलतो मास्तरांशी. पुढच्या आवृत्तीत बदलता येईल. आद्याक्षरं घालू. सरांना मी सांगतो."

ऐकताय ना? पोरीच्या आयुष्याची माती झाली आणि याला आवृत्ती सुचते आहे!

शालूला वाटलं, आता आई याला झाडूनं मारील. मारायलाच हवं होतं. पण आवडाबाई इतकंच म्हणाली, "शालू, सूप आन. तांदूल आन."

त्र्यंबकच्या चेहऱ्यावर पुन्हा थोडी कळा आली. त्याला वाटलं असावं, काही झालं तरी आईच ती, रिकाम्या हातानं घालवायची नाही. आगऱ्यांच्या घरातून माहेरवाशिणीला तांदूळ देतात हे त्याला ठाऊक होतं. तो ओट्याच्या कडेला टेकला आणि पिशवी मांडीवर पसरून धरली.

आवडाबाईनं सूप समोर ठेवलं. धवला म्हटला नाही, मांडव नव्हता. तिनं तांदळाची एक चिमूट घेतली, त्याच्याकडे नीट, शेवटचं बघावं तसं बघितलं, आणि म्हणाली, "त्र्यंबक."

चिमूट सुपात पडली.

सगुणाला काही उमगलं नाही, तिनं हाक कधी ऐकली नव्हती. पण त्याला उमगलं. नौपाड्यात, मुंबईत, अख्ख्या जगात त्या चिमटीचा अर्थ बाईच्या तोंडून ऐकलेला तो एकच पुरुष होता. त्यानंच तो लिहून छापला होता. हाक दिलेलं माणूस त्या घराला मेलं. त्याचं नाव पुन्हा घरात कुणी घ्यायचं नाही. त्याच्या पिशवीतल्या पुस्तकात हे वाक्य होतं.

"आई," तो म्हणाला. आवडाबाई सूप पाखडल्यासारखं हलवून बाजूला ठेवत होती. "आई, असं नका करू. शालू, सांग ना तिला."

शालू सूप उचलून त्याच्या शेजारून निघाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण भाऊ तिलाही एकच होता. पण ती थांबली नाही. ओहोटी लागलेली होती, खाडीचा चिखल दूरवर उघडा पडला होता. ती गुडघाभर पाण्यात गेली आणि सूप पालथं केलं.

ती परतली तेव्हा अंगण रिकामं होतं. लुगडं, पेढे, पुस्तक ओट्यावर तसंच पडलेलं होतं, आणि सगुणाची बांगडी त्यावर ठेवलेली होती. समोरून गोदूबाई घागर घेऊन चालली होती. आज किती दिवसांनी ती त्या दारात थांबली.

"सायकलवाला कोन आयलता गो, शालू?"

शालूनं ओलं सूप भिंतीला टेकवून उन्हात उभं केलं.

"कोनी नाय," ती म्हणाली.